विश्लेषण : वर्ग चीनमध्ये, विद्यार्थी भारतात आणि मध्ये अ‍ॅपबंदी!

परीक्षेचं वेळापत्रक, नोट्सची पीडीएफ, ‘आज लेक्चर होणार नाही’ हा निरोप... कॉलेजच्या नोटीस बोर्डाच्या आधी हे सगळं आता मोबाइलवर येतं. भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर, तर चीनमध्ये वीचॅटवर. कुठलं अ‍ॅप वापरायचं हा फक्त सोयीचा प्रश्न वाटतो. पण विद्यार्थी परदेशी विद्यापीठात शिकत असेल, तर त्यावर त्याचं शिक्षणही अडू शकतं. २०२० मध्ये चीनमधल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीयांना याचा अनुभव आला.

नेमकं काय घडलं?

कोविडच्या आधी चीनमध्ये २३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यातले बहुतेक वैद्यकीय शाखेचे. साथ पसरल्यावर ते मायदेशी आले आणि चीनने सीमा बंद केल्या. वर्ग ऑनलाइन सुरू झाले, तेही चिनी अ‍ॅप्सवर. जूनमध्ये गलवान खोऱ्यात संघर्ष झाला. त्यानंतर २९ जूनला भारत सरकारने देशाच्या सुरक्षेचं कारण देत ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. गाजली ती टिकटॉकवरची बंदी, पण त्याच यादीत वीचॅटही होतं. नोव्हेंबरमध्ये आणखी ४३ अ‍ॅप्स बंद झाली. त्यात ऑनलाइन वर्गांसाठी वापरलं जाणारं डिंगटॉक होतं.

दुसरं अ‍ॅप का वापरलं नाही?

चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपही २०१७ मध्ये बंद झालं. तिथे गप्पा, पैशांचे व्यवहार आणि विद्यापीठाच्या सूचना असं सगळं वीचॅटवर चालतं. म्हणजे विद्यार्थ्याच्या सवयीची अ‍ॅप्स चीनमध्ये बंद आणि प्राध्यापकांच्या सवयीची भारतात बंद. दोन्ही सरकारांनी आपापली कारणं दिली, मधल्या मध्ये अडकला तो विद्यार्थी.

पुढे काय झालं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावलं, की फक्त ऑनलाइन पद्धतीने केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य होत नाही. चीनने विद्यार्थ्यांसाठी व्हिसा पुन्हा सुरू केले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. तोपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. अ‍ॅप चालू असती तरी प्रात्यक्षिकांची उणीव भरून निघाली नसती. मात्र जे ऑनलाइन मिळू शकत होतं, तेही बंदीमुळे अवघड झालं.

आपल्या कॉलेजांशी याचा काय संबंध?

आपल्याकडेही वर्गाचा ग्रुप कुणा खासगी कंपनीच्या अ‍ॅपवरच असतो. त्यात सामील होणं कागदोपत्री ऐच्छिक, पण ग्रुप सोडला की सूचना चुकते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सर्वसाधारणपणे प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी मुलांना आपला नंबर द्यायचा की नाही, हे ठरवण्याची संधी अनेक मुलींना मिळत नाही. वीचॅटवर नंबर न दाखवताही ग्रुपमध्ये राहता येतं.

उपाय काय?

सोशल मीडिया बंद करण्याची गरज नाही. पण सूचना, नोट्स आणि हजेरीची नोंद कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा ईमेलवरही असायला हवी. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी फी आणि हॉस्टेलच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : वर्ग कुठल्या अ‍ॅपवर चालतो आणि ते बंद पडलं तर दुसरी सोय कोणती?