बदली आवाजाचा निवाडा

‘कँडलमास’ या स्वीडिश डूम मेटल बँडची चर्चा निघाली की ती ‘नाइटफॉल’ (१९८७) ते ‘टेल्स ऑफ क्रिएशन’ (१९८९) या तीन अल्बमांपाशीच घोटाळते. साधूचा झगा घालून, ऑपेराच्या ढंगात सूर थरथरवीत गाणारा मेसाया मार्कोलिन म्हणजेच कँडलमास, हे समीकरण रसिकांनी पक्के करून टाकले आहे. तो गेल्यावर थॉमस विकस्ट्रॉमला घेऊन केलेला ‘चॅप्टर सिक्स’ (१९९२) मात्र तळटीपेत ढकलला गेला. आम्हांला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

मुळात ज्या ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ने (१९८६) या बँडची ओळख घडवली, त्यात मार्कोलिन नाहीच. तेथे योहान लँगक्विस्ट पाहुणा म्हणून गायला होता. गायक बदलले; प्रमुख रचनाकार, बासवादक लेफ एडलिंग, तोच राहिला. मग कर्तृत्व कोणाचे मानायचे?

विकस्ट्रॉमचा आवाज स्वच्छ, उंच पट्टीतला. मार्कोलिन शोकाला धर्मविधीचे गांभीर्य देई; ती भव्यता येथे उणावते, हे मान्यच. परंतु ‘ज्युली लाफ्स नो मोअर’सारख्या गीतात, जिच्या हरपलेल्या हसूची खूण शीर्षकातच आहे, हा आवाज शोक एका माणसाच्या मापाचा करतो. जड गिटारींच्या ओझ्याखाली तो एकटा भासतो, आणि म्हणूनच आपल्याला भिडतो.

२०१८ मध्ये लँगक्विस्ट परतला, तेव्हा त्याचे स्वागत मूळ गायक म्हणून झाले. पाहुण्याला मूळपण बहाल करणारी आपली रसिकता विकस्ट्रॉमला तेवढी ‘बदली’ ठरवते. अल्बम पुन्हा ऐकण्यास एवढे कारण पुरेसे आहे.