कुराणात बायॉलॉजी शोधू नका, माणूस शोधा

थोडं लांब लिहितोय. शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

सध्या दोन प्रकारचे फॉरवर्ड जोरात आहेत. पहिला : "पोटातलं बाळ कसं वाढतं हे आमच्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच लिहिलंय, सायन्सला आत्ता कळलं." दुसरा : "या लोकांचा आणि सायन्सचा संबंध काय? यांना सगळंच हराम!" मी मुसलमान घरातला आणि बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवणारा. त्यामुळे दोन्ही फॉरवर्ड हक्काने माझ्याकडे येतात. दोन्ही चूक आहेत. पण पहिल्याने आमच्या समाजाचं जास्त नुकसान केलंय, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलतो.

हा 'चमत्कार' प्रकार काही फार जुना नाही. १९७६ साली मॉरिस ब्यूकाय नावाच्या फ्रेंच डॉक्टरचं बायबल, कुराण आणि विज्ञानावरचं पुस्तक आलं. १९८३ मध्ये कीथ मूर यांच्या भ्रूणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची 'इस्लामी पुरवणी' जोडलेली आवृत्ती निघाली. तिथून गाडी सुटली ती आज व्हॉट्सॲपपर्यंत आलीय.

आता हिशोब बघा. गर्भाचे टप्पे सांगताना नुत्फा, अलका, मुद्गा असे शब्द येतात. 'अलका'चा अर्थ कुणी रक्ताची गुठळी करतं, कुणी जळू, कुणी चिकटलेली वस्तू. फोटोशी जो जुळेल तो अर्थ उचलायचा. दुसरं म्हणजे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसवरून बहुतेक जुन्या आलिमांनी ४०, ४० आणि ४० असे १२० दिवस मोजले. त्यानंतर रूह फुंकली जाते. या हिशोबात 'मांसाचा गोळा' हा टप्पा ८१ ते १२० दिवसांमध्ये येतो. प्रत्यक्षात गर्भाचं हृदय साधारण २२व्या दिवशी धडधडायला लागतं आणि ८ आठवड्यांत मुख्य अवयवांचा पाया घातला गेलेला असतो. म्हणजे जुळत नाही. मग व्हिडिओवाले म्हणतात, "नाही नाही, तिन्ही टप्पे पहिल्या ४० दिवसांतच!" अहो, हे सायन्सने सांगितल्यावर तुम्ही अर्थ बदललात. याला भविष्यवाणी म्हणत नाहीत, गाइडमधलं उत्तर बघून पेपर सोडवणं म्हणतात.

आणि यात धर्माचीच पत जाते. सायन्स उद्या बदलणार, तो त्याचा स्वभावच आहे. मग परवा पुन्हा अर्थ बदलणार का?

आपले जुने लोक असं करत नव्हते. १३व्या शतकात कैरोत इब्न अल-नफीस होता. हकीमही आणि शाफई फिक्हचा जाणकारही. गॅलेन म्हणायचा, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून रक्त पलीकडे जातं. याने सरळ लिहिलं की भोकं नाहीत, रक्त फुफ्फुसातून फिरून येतं. त्यासाठी त्याने आयतीचा दाखला दिला नाही, हृदयाच्या रचनेचा दिला. दीनदार माणूस होता, तरी किताब कशासाठी आणि शरीरशास्त्र कशासाठी हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या हिंदू मित्रांनो, टाळ्या वाजवायची घाई करू नका. २०१४ मध्ये मुंबईत एका हॉस्पिटलच्या कार्यक्रमात खुद्द पंतप्रधानांनी गणपतीचं डोकं आणि प्लॅस्टिक सर्जरी यांची सांगड घातली होती. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शाळेच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढायचं ठरवलं, आणि आपल्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून तीच काढली. आजार एकच आहे, फक्त पेशंटांची नावं वेगळी.

मग किताबात आहे तरी काय? माझ्या मते तिथे प्रश्न आहे, आणि तो मायक्रोस्कोपला सुटणारा नाही. १२० दिवसांची चर्चा भ्रूणशास्त्राची नाहीच. पोटात वाढणाऱ्या या जिवाला 'माणूस' कधीपासून म्हणायचं, त्याचा हक्क कधीपासून सुरू होतो, हा तो प्रश्न आहे. बायॉलॉजी मला २२वा दिवस दाखवते, ८वा आठवडा दाखवते. पण 'आजपासून हा माणूस' अशी पाटी कुठल्याच पेशीवर नसते. आपल्या गर्भपाताच्या कायद्यातले २० आणि २४ आठवडेसुद्धा प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. ते संसदेने विचार करून ठरवले, २०२१ मध्ये बदललेसुद्धा. फकीहांचे १२० दिवस आणि संसदेचे आठवडे, दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत. माहिती सायन्सकडून घ्यायची, निर्णय मात्र माणसांनी आपल्या नीतीला स्मरून करायचा.

हे ज्यांना कळलं त्यांनी मोठं काम केलंय, आणि ते दुसऱ्या फॉरवर्डवाल्यांनी नीट वाचावं. १९८६ साली अम्मानमध्ये इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की मेंदूचं सगळं काम कायमचं थांबलं आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी तसं सांगितलं, तर तो मृत्यू मानता येतो. १९८८ मध्ये जेद्दाच्या बैठकीत अवयव प्रत्यारोपणाला अटी घालून परवानगी दिली. यातली कामाची वाटणी बघा. मेंदू मेला की नाही हे डॉक्टर सांगणार. त्या क्षणापासून वारसाहक्क लागू होतो का, बायकोची इद्दत सुरू होते का, हे मुफ्ती सांगणार. कुणी कुणाच्या खुर्चीत बसत नाही.

विरोध नाही असंही नाही. आपल्या उपखंडातले बरेच मोठे उलमा म्हणतात की शरीर अल्लाची अमानत आहे, ते वाटायचा हक्क आपल्याला नाही. या मुद्द्याला मी हसणार नाही. ज्या जगात गरिबाची किडनी विकत घेतली जाते, तिथे 'शरीर तुझ्या मालकीचं नाही' हे वाक्य मोलाचं आहे. पण अमानत म्हणजे मातीत कुजवायची ठेव, एवढाच अर्थ होतो का? कराचीचे अब्दुल सत्तार ईधी २०१६ मध्ये गेले. शरीर आजाराने खंगलेलं, फक्त डोळे उपयोगाचे होते. तेही ते देऊन गेले. त्यांच्या दीनवर शंका घ्यायची कुणाची टाप आहे?

इराणचं बघा. तिथल्या राजवटीबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण थॅलेसेमियासाठी लग्नाआधीची तपासणी त्यांनी १९९७ पासून देशभर लावली. २००५ च्या कायद्याने गंभीर आजार असलेल्या गर्भाबाबत चार महिन्यांच्या आत, डॉक्टरांच्या दाखल्याने, गर्भपाताची वाट दिली. थॅलेसेमियाच्या बाळांची संख्या झपाट्याने घटली. तोच १२० दिवसांचा हिशोब, पण व्हिडिओ बनवायला नाही, आईबापांना मदत करायला वापरला. २०२१ मध्ये तिथे लगाम पुन्हा आवळला, तो लोकसंख्या वाढवायच्या राजकारणापायी. रूहचा हिशोब काही बदलला नव्हता.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे चुलत, मावस, आते-मामे भावंडांत निकाह होतात. इस्लामने त्याला परवानगी दिलीय, हुकूम नाही दिलेला. सख्ख्या चुलत-मावस भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा जीन्स सारखा असतो, त्यामुळे दोघेही एकाच दोषाचे वाहक निघण्याची शक्यता वाढते. दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची. ते पोर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून जगतं. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करणाऱ्या हिंदू घरांनाही हाच हिशोब लागू आहे. सिंधी समाजात तर हा आजार नात्यात लग्न न करताही मोठ्या प्रमाणात आहे. जीन निकाहनामाही बघत नाही आणि पत्रिकाही.

उपाय? लग्न ठरवण्याआधी एचबीए-२ ची साधी रक्ततपासणी. तेवढंच. आणि लग्न आधीच झालं असेल, दोघेही मायनर निघाले असतील, तर ११-१२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना तपासता येतो. एक गोष्ट लक्षात ठेवा : डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. त्यामुळे १२० दिवस म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत जवळपास १९ आठवडे. वेळेत तपासणी केली तर रिपोर्ट त्याच्या बराच आधी हातात येतो. पुढे काय करायचं हा त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा निर्णय. मुफ्तीसाहेबांना जरूर विचारा, सगळे एकच सांगणार नाहीत. पण रिपोर्ट हातात घेऊन विचारा. कुणीतरी ओट्यावर बसून 'हराम आहे' म्हणालं, एवढ्यावर वेळ निघून जाऊ देऊ नका.

इमामसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात सायन्सचे चमत्कार पुरे झाले. त्याऐवजी पाच मिनिटं एवढंच सांगा : निकाह ठरवायच्या आधी पोरापोरीची रक्ततपासणी करा. निकाह पढवायला येणाऱ्या काझींनी मेहरची रक्कम विचारतात तसा तो कागदही विचारावा. त्याने कुणाचा ईमान कमी होणार नाही. एखादं पोर मात्र सुई टोचून घ्यायची वाचेल.