बाळंतविडा कोणाच्या दारी?

आपल्याकडे बाळंतविडा पाठविण्याची चाल जुनी आहे. लेक अगर सून बाळंत झाली म्हणजे आप्तेष्टांकडून झबली, टोपडी, कुंची, दुपटी, डिंकाचे लाडू घरी येऊ लागतात, आणि ते घेताना कोणासही कमीपणा वाटत नाही. परंतु जी ऐन थंडीच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीस गेली आहे आणि फडाजवळच्या कोपीत बाळंत झाली आहे, तिच्या दारी हा विडा कोणी न्यावयाचा? अलीकडे ठिकठिकाणी काही मंडळ्या अर्भकांचे कपडे, दुपटी, मच्छरदाण्या जमवून गरजू कुटुंबांस विनामूल्य देऊ लागल्या आहेत, ही गोष्ट अभिनंदनीय होय. मात्र केवळ अभिनंदन करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. काय द्यावे आणि कसे द्यावे, याचाही विचार झाला पाहिजे.

प्रथम देण्याच्या रीतीविषयी. याच महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, व १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरास तशीच संस्था निघाली. लोकनिंदेच्या भयाने व्याकूळ झालेल्या स्त्रीस तेथे गुप्तपणे आसरा मिळे. ज्या प्रांतात दीडशे वर्षांपूर्वी आईची लाज राखून मदत करण्याचे हे शहाणपण होते, तेथे आज चार रुपयांचे दुपटे देताना बाळंतिणीस रांगेत उभे करून तिचे छायाचित्र काढावे, हे कोणत्या सुधारणेचे लक्षण म्हणावे? दात्याचे नाव फलकावर झळकले नाही तर बाळाची ऊब कमी होत नाही. परंतु आईची मान एकदा खाली गेली, की पुढच्या खेपेस ती त्या दारी येत नाही.

आता काय द्यावे याविषयी. नवजात बालकाच्या अंगातील उष्णता झपाट्याने कमी होते, विशेषतः डोक्यावाटे. म्हणून आमच्या आज्या कुंची शिवीत त्यात शास्त्रच होते. स्वच्छ धुतलेली मऊ सुती वस्त्रे, टोपडे, लंगोट, मच्छरदाणी ही खरी उपयोगाची देणगी. उलट पुष्कळ सहृदय लोक दुधाची भुकटी आणि बाटल्या वाटावयास निघतात, त्यांस आम्ही आग्रहाने थांबवू इच्छितो. १९९२ च्या कायद्याने अनाथालयांखेरीज इतरांस अशा वस्तू दान करण्यास सामान्यतः मनाईच केली आहे, आणि ती योग्य आहे. फुकटचा डबा चार दिवसांत संपतो. तोवर आईचे दूध आटू लागते. मग विकतची भुकटी पुरवून पुरवून पातळ केली जाते, तीही अशुद्ध पाण्यात. ज्या बालकास आईचे दूध मिळणे अशक्य आहे त्याच्यासाठी मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. दानच करावयाचे तर ते असे जाणतेपणाने व्हावे.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. आम्हांस ते मान्य आहे. परंतु २०१७ साली सुरू झालेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देते, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार. तिसऱ्या मुलास थंडी कमी वाजते काय? जेथे नियमाचा हात पोहोचत नाही, तेथेच शेजाऱ्याचा हात हवा. दुसरे कोणी म्हणेल, फुकट मिळू लागले म्हणजे लोक आळशी होतील. फिनलंड देशाने १९३८ साली गरीब मातांस बाळाच्या कपड्यांची पेटी देण्यास आरंभ केला आणि १९४९ पासून ती सर्व मातांस खुली केली. अट एवढीच, की गरोदरपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. तो देश आळशी झाल्याचे कोणी म्हणत नाही. उलट पेटी सर्वांच्याच घरी येऊ लागल्याने गरिबीचा शिक्का पुसला गेला, आणि पेटीच्या निमित्ताने माता दवाखान्यापर्यंत आली.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महिला मंडळाने व गणेशोत्सव मंडळाने आपल्या वस्तीत एक कपाट या कामास द्यावे. आशाताई व अंगणवाडीसेविका यांस कोणत्या घरी पाळणा हलणार हे ठाऊक असते; त्यांच्या सल्ल्याने विडा मुकाट्याने घरपोच करावा. जात विचारू नये, कुंकू आहे की नाही हे पाहू नये, कितवे मूल हे मोजू नये. जन्मास आलेल्या जिवाने अद्याप कोणाचाही अपराध केलेला नसतो. त्याचे पहिले वस्त्र त्याला उपकार म्हणून नव्हे, तर आपल्यातलाच एक म्हणून मिळावे, एवढी माणुसकी आमच्या वाचकांपाशी आहे, अशी आमची खात्री आहे.