पटावरील वेळेचा जमाखर्च

पटावर जय किंवा पराजय झाला म्हणजे त्याचे श्रेय अथवा दोष आपण मोहऱ्यांच्या हालचालींना देतो. परंतु ज्या बुद्धीने त्या हालचाली सुचविल्या तिला विचारासाठी किती अवधी उरला होता, आणि तो तेवढाच का उरला होता, याची चौकशी आपल्याकडे क्वचितच होते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयाचे आणि त्या विजयासरशी लाभलेल्या ग्रँडमास्टरपदाचे कौतुक महाराष्ट्राने सार्थ अभिमानाने केले. पण अंतिम सामन्याचा निकाल नेमका कोठे लागला, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर २८ जुलै रोजी जलद डाव झाले. त्यांत प्रत्येकीस पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे दहा सेकंदांची वाढ मुकर्रर होती. पहिला डाव बरोबरीत गेला, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्यापुढे कोनेरू हम्पीचा डाव ढासळला तो घड्याळाच्या दडपणाखाली. हम्पी ही २०१९ आणि २०२४ अशी दोन वेळा जलद बुद्धिबळातील जगज्जेती. जिचा जलद खेळावर एवढा अधिकार, तिलाही जर वेळेची बाकी अशी चुकती करावी लागते, तर आठ-दहा वर्षांच्या मुलांना वेळेचे शास्त्र आपोआप अवगत होईल, असे आपण कशाच्या आधारावर गृहीत धरतो?

हा प्रश्न मला सुचतो तो आसपास जे दिसते त्यावरून. बेलापूरच्या खाडीकाठच्या आमच्या दिवाळे गावापासून नेरूळ, वाशी, पनवेलपर्यंत शाळांच्या सभागृहांत रविवारी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरतात, आणि एका दिवसात सहा-सात फेऱ्या उरकावयाच्या म्हणून प्रत्येक खेळाडूस दहा किंवा पंधरा मिनिटे, तीही पुष्कळदा वाढीवाचून, अशी मुदत ठेवली जाते. मूल सुरुवातीच्या पाठ केलेल्या खेळ्या झपाट्याने खेळते, मध्यावर एखाद्या साध्या स्थितीत बराच वेळ रेंगाळते, आणि जेथे खरोखर खोल विचार हवा तेथे पोहोचते तेव्हा घड्याळात अर्धे मिनिट शिल्लक असते. पुढे जे घडते त्यास हातांची झटापट म्हणावे, खेळ म्हणता येत नाही. आणि जिंकलेला डाव हातात असता वेळ संपली म्हणून रडत बाहेर येणाऱ्या मुलास पालक सांगतात, ‘पुढच्या वेळी लवकर खेळ.’ हा उपदेश मला मुळातच चुकीचा वाटतो.

घड्याळ ही या खेळातील तशी अर्वाचीन वस्तू. १८५१ च्या लंडनच्या स्पर्धेत वेळेची मर्यादाच नव्हती. १८६१ च्या अँडरसन-कोलिश सामन्यात वाळूची घटिका आली, आणि १८८३ साली लंडनमध्ये मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सनने योजलेले दुहेरी घड्याळ पटाशेजारी बसले. खेळीगणिक काही सेकंद खात्यात जमा करण्याची, म्हणजे खेळाडू ज्याला ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात ती युक्ती बॉबी फिशरने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात पेटंट करून घेतली.

या बाबतीत सर्वांत सूक्ष्म विचार झाला आहे तो मात्र जपानच्या ‘गो’ या खेळात, असे माझे मत आहे. एकोणीस रेषांच्या पटावर तीनशे एकसष्ट छेदबिंदू असलेला हा खेळ आपल्याकडे थोड्यांनाच परिचित असला, तरी त्याची मुदतीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. खेळाडूची मूळ मुदत संपली की तो हरत नाही. त्यास तीस किंवा साठ सेकंदांचे काही हप्ते मिळतात. हप्त्याच्या आत खेळी केली तर तो हप्ता जसाच्या तसा परत मिळतो, ओलांडला तर एक हप्ता खर्ची पडतो, आणि शेवटचा ओलांडला की डाव गेला. या व्यवस्थेस ब्योयोमी म्हणतात. येथे वाचविलेले सेकंद शिलकेत पडत नाहीत, म्हणून तिसापैकी पाचच सेकंदांत खेळणारा स्वतःचेच नुकसान करतो. उलट बुद्धिबळाच्या वाढीच्या पद्धतीत वाचविलेला प्रत्येक सेकंद पुढील कठीण प्रसंगासाठी साठतो. मुदतीचा नियम बदलला की विवेकही बदलावा लागतो, हे आपल्या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. गो खेळणारे वेळ कमी पडली की प्रतिपक्षास उत्तर देणे भागच पडेल अशी खेळी करून तेवढ्यात आणखी एक हप्ताभर विचार करून घेतात; परंतु अशा खेळ्या पुढे अधिक मोलाच्या ठरल्या असत्या, म्हणून हे कर्ज महाग पडते, हेही ते जाणतात.

१९३८ साली होनिन्बो शुसाई आणि मिनोरू कितानी यांच्यात, वृद्ध शुसाईच्या निवृत्तीचा म्हणून, गोचा जो डाव झाला त्यात प्रत्येकास चाळीस तास दिले होते. २६ जूनला सुरू झालेला हा डाव वारंवार तहकूब होत, मध्यंतरी शुसाईच्या आजारामुळे महिनेच्या महिने थांबत, ४ डिसेंबरला संपला. कितानीने चौतीस तास एकोणीस मिनिटे घेतली, शुसाईने एकोणीस तास सत्तावन्न मिनिटे. आणि पाच गुणांनी कितानी जिंकला. वृत्तपत्रासाठी या डावाचा वृत्तांत लिहिणाऱ्या कावाबाताने पुढे त्यावर कादंबरी रचली. मला त्या डावातून दिसते ते एवढेच, की अधिक वेळ घेणारा मंदबुद्धीचा नसतो. आणि जेव्हा २०१६ च्या मार्चमध्ये सोल येथे ली सेडोलने अल्फागो या यंत्राविरुद्ध पाचांपैकी आपला एकमेव विजय मिळविला, तेव्हाही आपल्या दोन तासांपैकी बहुतेक वेळ खर्चून मगच त्याने ती प्रख्यात अठ्ठ्याहत्तरावी खेळी शोधली होती.

म्हणून ‘लवकर खेळ’ हा उपदेश नको. ‘कोठे थांबावे ते ओळख’ हा हवा. आमच्या गावच्या कोळ्यांना भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे ठाऊक असते, उधाणाचे आणि भांगेचे पाणी वेगळे वागते हेही. सबब होडी केव्हा लोटायची याचा विचार जाळी सावरतानाच आटोपलेला असतो, पाणी आल्यावर ते विचार करीत उभे राहत नाहीत. पटावरही प्रतिपक्ष विचार करीत असता आपण स्थितीची सामान्य पाहणी करावी, कमकुवत घरे आणि दूरचे बेत न्याहाळावे, आणि आपले घड्याळ चालू असता केवळ ठोस खेळ्यांचा हिशेब करावा, ही निष्णातांची रीत लहान मुलालाही शिकविता येते.

यास आडवा येणारा एक संस्कार आपल्या परीक्षांनी घातला आहे. तीन तासांना गुणांनी भागून प्रत्येक प्रश्नास वेळ वाटून देण्याची शिस्त शाळेत उपयोगी खरी, कारण तेथे प्रश्नाचे मूल्य कागदावर छापलेले असते. पण डावातील कोणत्या खेळीवर निकाल अवलंबून आहे हे कोठेही छापलेले नसते, ते ओळखणे हाच विद्येचा मोठा भाग आहे. चाळीस खेळ्यांत वेळ समान वाटणारे मूल साध्या खेळीवर उधळते आणि निर्णायक खेळीवर काटकसर करते.

यावर माझी पहिली सूचना प्रशिक्षकांना आहे. खेळी लिहिण्याच्या कागदावर प्रत्येक पाचव्या खेळीपाशी उरलेली मिनिटेही लिहावयास लावा, आणि डाव तपासताना आकडे प्रथम पाहा; एखादी चूक अज्ञानाने झाली की वेळ संपल्याने, आणि वेळ संपली ती कोठल्या खेळीवर, हे त्या रकान्यातून आपोआप उघड होते. दुसरी सूचना आयोजकांना आहे. सभागृहाचे भाडे, पंचांची उपलब्धता, संध्याकाळी परतणारे पालक, या त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु वाढ देणारी अंकीय घड्याळे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत, आणि सातांऐवजी चार फेऱ्या ठेवून प्रत्येकास पंचवीस मिनिटे व खेळीगणिक दहा सेकंद दिले, तर दिवस तेवढ्यातच आटोपतो. येत्या उन्हाळी सुटीतील स्पर्धांच्या जाहिरातीत बक्षिसांच्या रकमेच्या वर वेळेची मुदत ठळक छापली जावी, आणि नवी मुंबईत निदान एक स्पर्धा अशी भरावी की जिच्यात मुलाने बारा मिनिटे एका खेळीवर घालविली तर त्याचा पालक दारातून घड्याळाकडे बोट दाखवणार नाही.