साउथॉलच्या आज्या आणि नाती

परदेशातल्या शिखांचा इतिहास आपण बहुधा पुरुषांचा म्हणून ऐकतो. पंजाबातून निघाले, लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमधल्या रबराच्या कारखान्यात राबले, पगडीच्या हक्कासाठी भांडले. हे सगळं खरं, पण अर्धंच.

१९६२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने ब्रिटनची दारं अरुंद झाली, तशी मागे राहिलेल्या बायकामुलांना बोलावून घेण्याची घाई सुरू झाली. आलेल्या बायकांनी संसार सांभाळून घरी शिवणकाम केलं, पुढे हीथ्रो विमानतळावर साफसफाई केली, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरले. ऑगस्ट २००५ मध्ये विमानातलं जेवण पुरवणाऱ्या ‘गेट गोरमे’ कंपनीने सहाशेहून अधिक कामगारांना एका फटक्यात कामावरून काढलं. त्यांत बहुतेक जणी याच, पंजाबी, पन्नाशीच्या आसपासच्या. त्या रस्त्यावर उतरल्या. त्यांना ‘सोशिक’ म्हणणाऱ्यांनी तेव्हाचे फोटो जरूर पाहावेत.

पुढची पिढी शिकली, वकील-डॉक्टर झाली. २०१७ साली बर्मिंगहॅममधून निवडून आलेल्या प्रीत कौर गिल या ब्रिटिश संसदेतल्या पहिल्या शीख महिला खासदार. तरी ही वाट सरळ चढणीची नाही. शीख धर्म स्त्रीला बरोबरीचं स्थान देतो, गुरुद्वाऱ्यांच्या व्यवस्थापन समित्या मात्र अजून बहुतांशी पुरुषांच्याच हातात आहेत.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी आज्यांच्या नोकऱ्यांबद्दलही फारसं कुणी लिहिलेलं नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तिला बोलतं करा आणि आम्हाला लिहून पाठवा.