मोजयंत्राच्या पोटातला घरगुती संगणक

कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूजवळ वसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या वसाहतीत ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत्दाबातील क्षणोक्षणीचे चढउतार पडद्यावर आलेखरूपात दाखवणारे उपकरण, हे नित्याचे हत्यार असते. मात्र लाखो रुपये किमतीच्या या यंत्रातले सगळेच काही दुर्मीळ असते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. ह्युलेट-पॅकार्डने १९९७ साली आणलेल्या 'इन्फिनियम' मालिकेचे कवच उघडल्यास संकेत टिपणाऱ्या खास सर्किटशेजारी साध्या पीसीचा मदरबोर्ड आणि हार्डडिस्क आढळे. त्याआधीच्या पिढीत, बिघडलेली मायक्रोप्रोसेसर सर्किटे तपासणाऱ्या फ्लूक ९०१०ए या यंत्रात झेड-८० ही चिप होती, आणि हीच चिप पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकलेल्या 'डीबी स्पेक्ट्रम' या घरगुती संगणकातही होती. यात फसवणूक नाही, शहाणपणाच आहे, कारण लाखोंनी खपणारी चिप स्वस्त पडते, तिच्यासाठी लिहिलेली आज्ञावली तयार मिळते आणि कंपनीला आपली बुद्धी मोजमापाच्या अचूकतेवर खर्च करता येते. खरी अडचण आयुर्मानाची आहे: मोजणारा भाग वीस-वीस वर्षे बिनतक्रार चालतो, तर अशा अनेक यंत्रांत चालणाऱ्या विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीला तिच्या निर्मात्यांकडून मिळणारे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. त्यामुळे जुना ऑसिलोस्कोप घेणाऱ्याने बँडविड्थची, म्हणजे यंत्र किती जलद बदलणारे संकेत टिपते याची, चौकशी करण्याआधी हार्डडिस्कची नक्कल मागून घ्यावी.