हातच्याची वजाबाकी

बावन्नातून सत्तावीस गेले, उरले पस्तीस. तिसरी-चौथीच्या वह्यांत हे उत्तर हमखास सापडते. मुलाला वजाबाकी येत नाही असे नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले आणि काम भागवले. वही समोर असली की बाईंना एका नजरेत कळते, याला दशक सुटा करणे जमलेले नाही. पण हेच गणित चाचणीत आले, गुण पोर्टलवर चढले की उरते नुसते शून्य. ज्याने पेन्सिलही टेकवली नाही, त्यालाही तेच शून्य.

यंदाच्या अंकात सरकारी शाळांवर एक स्वतंत्र विभाग केला, त्यामागे हे शून्य आहे.

आपल्या शाळांत माहितीचा दुष्काळ नाही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आहेत. २०१५ मध्ये ‘सरल’ ही माहितीप्रणाली आणि ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या पायाभूत चाचण्या आल्या, मग निपुण अभियान, मग नियतकालिक मूल्यांकन चाचणी. २०२२-२३ पासून यू-डायस प्लस या पोर्टलवर एकेका मुलाची नोंद होते. ही सगळी माहिती वर जाते. वरून खाली येते ती लिंक, सोबत ‘तात्काळ’ आणि ‘आजच्या आज’. केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणत्या शाळेची माहिती राहिली याची यादी रोज पडते. कोणत्या शाळेत वजाबाकी राहिली याची यादी अजून कोणी टाकलेली पाहिली नाही.

माहिती शाळेला परत दिली की काम झाले, असेही समजू नये. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या १०० ग्रामीण शाळांना मुलांच्या चाचण्यांचे सविस्तर अहवाल दिले, ते कसे वापरावेत हेही सांगितले. पाहणीला कोणी आले की शिक्षक जास्त झटून शिकवताना दिसत. वर्षअखेरीस मुलांचे गुण मात्र इतर शाळांइतकेच. नुसत्या पैशाचीही तीच गत. त्याच राज्यात शाळांना साहित्यासाठी अनुदान दिले गेले. पहिल्या वर्षी ते अचानक आले, गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांनी ते गृहीत धरले, घरचा वह्या-पुस्तकांचा खर्च आवरता घेतला आणि फायदा विरला. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करून सुधारणेचे आराखडे करवून घेतले. आराखडे झाले, मुलांचे शिकणे तिथल्या तिथेच राहिले. याउलट अर्जेंटिनातल्या ला रिओहा प्रांतात निकालांचे अहवाल मिळाल्यावर गुण वाढले, आणि तिथले मुख्याध्यापक ते अहवाल शाळेचे निर्णय घेताना वापरत असल्याचे सांगत होते. अहवाल कोणाच्या हातात पडतो आणि तो हात मोकळा आहे का, फरक तिथे पडत असावा.

आपल्या मुख्याध्यापकाचा हात किती मोकळा आहे? समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते, ३१ ते १०० पटाला २५,०००. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती. पैसे बहुधा वर्ष सरताना येतात आणि मार्चएंडच्या धांदलीत पावत्या जुळवताना संपतात. चाचणी झाली पावसाळ्यात, पैसा आला उन्हाळ्यात. दोघांची गाठ पडणार कशी?

आमची सूचना छोटी आहे. स्वच्छतेसाठी दहावा हिस्सा राखून ठेवता येतो, तर आणखी एक दहावा हिस्सा मुलांच्या चुकांसाठी राखावा. पंचवीस हजारांत तो अडीच हजार होतो. दहा-दहाच्या गठ्ठ्यांसाठी काड्या आणि रबर, खेळातल्या नोटा, अडखळत वाचणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरातली गोष्टींची पुस्तके, एवढे त्यात नक्की बसते. अट दोनच गोष्टींची: पैसे सहामाहीच्या आत शाळेच्या खात्यात यावेत, आणि ते कशावर खर्चायचे हे बाईंनी वह्या तपासून ठरवावे, शाळा व्यवस्थापन समितीने मंजूर करावे. पोर्टलवर त्यासाठी नवा रकाना नको. रकाना आला की ‘लिंक भरा’ आलेच!

अडीच हजारांत शाळा बदलते का, असे कोणी विचारेल. नाही बदलत. रिक्त पदे, एकशिक्षकी शाळा, शिक्षकांवर लादलेली अशैक्षणिक कामे यांचा हिशेब या रकमेत बसणारा नाही, आणि त्यावर या विभागातले लेखक सडेतोड बोलले आहेत. पण वर्गातल्या ज्या नऊ-दहा मुलांचे अडते, त्यांच्यापुढे गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या मांडता येतील. लेखापरीक्षणाला पावती लागणारच. तिच्यासोबत त्याच मुलांची आधीची आणि नंतरची वजाबाकीची पाने जोडावीत, आणि मूळ पाने शाळेच्या कपाटात राहू द्यावीत.